खिडकीवरचं बघू

थोरलीच्या वडिलांनी जन्मात कुणाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं. हे ऐकून माणूस दिलदार असावा असं वाटेल, तर तसं काही नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अर्ज घ्यायच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसायचं आणि वर दिलदारही असायचं, हे जमणारं काम नाही. ते ‘नाही’च्या जागी ‘बघू’ म्हणायचे, एवढंच.

“नाही म्हटलं की माणूस खिडकीशी भांडत बसतो,” जेवताना ते दोघी मुलींना सांगायचे. “बघू म्हटलं की घरी जातो.” जाता जाता एखाद्याने “पुन्हा कधी येऊ?” असं विचारलंच, तर त्याचंही उत्तर तयार असायचं. मंगळवारी या. मंगळवारी आलेल्याला पुढचा मंगळवार मिळायचा.

खरं सांगायचं तर त्यांच्या हातात काही नव्हतंच. अर्ज घ्यायचा, उजव्या कोपऱ्यात बारकी सही करायची, सहीखाली तारीख घालायची आणि कागद वरच्या मजल्यावर पाठवायचा. त्या सहीचा अर्थ कागद पोचला, इतकाच. वर गेलेला कागद खाली का येत नाही, हे त्यांनाही कधी कुणी सांगितलं नाही. शिव्या मात्र खिडकीवर बसणाराच खाणार.

घरातही तेच. सायकल मागितली, बघू. सहलीला जायचंय, बघू. धाकटीने लग्नाचं ठरवलेला मुलगा घरी आणला, तेव्हा त्याला चहा पाजला, त्याच्या आईवडिलांची चौकशी केली आणि निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बघू.” तो बिचारा खुशीत गेला. धाकटी आत जाऊन रडायला लागली. पुढे तिने त्याच्याशीच लग्न केलं आणि लांब राहायला गेली. थोरलीचं लग्न झालं नाही. ती कथाही बघूचीच आहे, पण इथे नको.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाल्यावर एका सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेले आणि खिडकीवरच्या बाईंना म्हणाले, “उठा, माझी जागा आहे.” बाई भल्या होत्या. त्यांनी खरंच उठून जागा दिली आणि घरी फोन केला. तिथून आजाराची सुरुवात धरायची. आई तोवर गेली होती. धाकटी फोनवरून हळहळायची, आणि हळहळ फोनवरून पुष्कळ येते. राहिली थोरली.

ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात होती. लांबट खोली, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येक बाकावर एक दिवा आणि मेण वितळवायची छोटी ज्योत. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे आणि ही मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. पुढचे सहा दात बसवायला तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही, असं मालकीणबाई सांगायच्या, आणि मालकीणबाई कौतुकाच्या बाबतीत हात आखडूनच असायच्या. वडिलांना एकटं सोडणं अशक्य झालं तेव्हा तिने ते काम सोडलं आणि चौदा महिने घरी बसली.

त्या चौदा महिन्यांबद्दल ती कुणाशी बोलत नाही. आपण बोलू. “घरी कधी जायचं?” हा प्रश्न दिवसातून शंभर वेळा. हेच तुमचं घर आहे म्हटलं की वडील समजूतदारपणे मान हलवायचे आणि जाऊन आतून दार ठोठावायला लागायचे. कागद दिसला की कोपऱ्यात सही. विजेचं बिल, औषधाचं खोकं, भिंत. एका दुपारी तिने तीन वेळा त्यांचे कपडे बदलले आणि त्यांनी चौथ्यांदा भिजवले. तिने त्यांच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून कपाटाखाली गेला. वडिलांनी वाकून तो काढला, शर्टाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, “असू द्या बाई. गर्दी फार असते, होतं असं.”

त्यानंतर तिने आणखी दोनदा हात उचलला. दोनदाच, असं ती स्वतःला सांगते.

मग मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या एका संस्थेचं पत्र आलं. आजार वाढत जातो तसतसं पाठीच्या कण्यातल्या पाण्यात काय बदलतं, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. दर सहा महिन्यांनी, एकूण पाच वेळा, पाठीत सुई घालून थोडं पाणी काढायचं. यातून रुग्णाला स्वतःला काही फायदा होणार नाही, पुढे ज्यांना हा आजार होईल त्यांना कदाचित होईल, असं कागदावर स्वच्छ लिहिलं होतं. लपवाछपवी नव्हती. आणि खाली शेवटच्या ओळीत होतं की अभ्यासात असेपर्यंत रुग्णाला संस्थेच्या दिवसकेंद्रात आठवड्यातून तीन दिवस जागा मिळेल. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी नऊ ते सहा. थोरलीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. वरचं सगळं तिने एकदाच वाचलं होतं.

पहिल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी वडिलांना समोर बसवून सगळं समजावलं. वडील तेव्हा बरेच भानावर असायचे. लक्ष देऊन ऐकत होते, मधून मधून “अस्सं” म्हणत होते.

“मग काय आजोबा, याल ना आमच्या अभ्यासात?”

“बघू,” वडील म्हणाले.

“वा! बघायलाच तर बसलोय आपण,” डॉक्टर हसले.

थोरलीने वडिलांकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. ती पण हसली. डॉक्टरांनी कागद पुढे केला. कागद पुढे आला म्हटल्यावर वडिलांनी उजव्या कोपऱ्यात बारकी सही केली आणि खाली तारीख घातली, तीसुद्धा बरोबर. सहीची चौकट तळाशी रिकामीच राहिली. डॉक्टरांच्या हाताखाली एक तरुण मुलगी होती, सारखं वहीत टिपत असायची. वडिलांनी त्याच दिवशी तिला वहीवाली हे नाव पाडलं. तिने चौकटीपासून कोपऱ्यापर्यंत एक बाण काढला आणि झाली संमती.

मंगळवारी थोरली पुन्हा बाकावर बसली. मालकीणबाईंनी एक शब्द न विचारता एक साचा तिच्यापुढे सरकवला. तिने मेण हातात घेतलं आणि तिला रडू कोसळलं. सुटल्यासारखं वाटून रडू येतं, ते तसलं. त्या दिवसापासून तिने वडिलांवर हात उचलला नाही, हेही इथे सांगायला हवं. ज्याला तीन दिवस सुटका आहे, त्याला उरलेले चार दिवस माणसासारखं वागता येतं.

पहिल्या सुईला वडील गप्प पडून राहिले. दुसऱ्या सुईनंतर चार दिवस डोकं धरून बसले होते. तिने मनाची समजूत घातली. आता त्यांना शब्दांचा अर्थ राहिलाय कुठे? एकदा चहा घेता का म्हणून विचारलं तर “बघू” म्हणाले आणि कप हातात दिल्यावर घटाघट प्यायले. म्हणजे बघू हा शब्द आता नुसता तोंडात उरलाय, जिना उतरल्यावरही हात कठडा धरून राहावा तसा. तिने हे स्वतःला इतक्यांदा सांगितलं की ते खरं वाटायला लागलं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सुईच्या मध्ये संस्थेने सभा सुरू केल्या. रुग्णांचे घरचे लोक हेच खरे जाणकार, तेव्हा अभ्यास कसा करावा यात त्यांचाही सल्ला हवा, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं. कल्पना चांगलीच होती. संस्था या मंडळींना ‘काळजीवाहक’ म्हणायची. “म्हणजे आपण काळजीचे हमाल,” पहिल्याच सभेत बेकरीवाले म्हणाले आणि सगळे पोट धरून हसले. बेकरीवाले साठीचे, पंजे पावासारखे फुगलेले. त्यांची बायको आजारी होती. तीही अभ्यासात होती आणि थोरलीच्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत केंद्रात बसायची.

सभा एका पांढऱ्या खोलीत व्हायची. सहासात माणसं, लांब टेबल, थर्मासातला चहा, प्रत्येकाच्या पुढ्यात मसुदा. रुग्ण पुढे पुढे सही करण्याच्या पलीकडे जातात, मग प्रत्येक वेळी त्यांची इच्छा आहे का हे ओळखायचं कसं, यासाठी एक पत्रक काढायचं होतं. संस्थेने त्याला मथळा दिला होता, ‘सहभागी व्यक्तीच्या असहमतीची निदर्शक वर्तनचिन्हे’.

“हे कुणाला कळणार?” थोरली म्हणाली. “सरळ लिहा ना, नको म्हणतात ते कसं ओळखाल?”

वहीवालीचा चेहरा उजळला. तिने लगेच मथळा खोडून थोरलीचे शब्द लिहिले. खिडकीवरच्या माणसाची मुलगी, अर्ज सोपा करून देणं तिच्या रक्तातच असणार. पुढची अर्धी वाक्यंही तिनेच सोपी केली. बऱ्याच वर्षांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं आणि इथे तिचा शब्द न् शब्द लिहून घेत होते. तिला बरं वाटलं. त्यात तिचं काय चुकलं?

मग वहीवालीने प्रत्येकाला विचारलं, तुमच्या माणसाला एखादी गोष्ट नको असते तेव्हा ते काय करतात?

बेकरीवाले आधी बोलले. “आमची काही बोलत नाही. पण नको असलं की दोन्ही हात खिशात घालते. खिसा नसला तर शोधत राहते, अशी, मांडीवर.” त्यांनी करून दाखवलं. त्यांचे जाड हात मांडीवर नसलेला खिसा शोधत राहिले.

वहीवालीने ते लिहून घेतलं. मग जुन्या नोंदी चाळल्या आणि तिचं लिहिणं थांबलं. दोन्ही वेळा सुईच्या आधी ‘हात खिशात घातले, थंडी वाजत असावी’ असं तिनेच लिहिलं होतं. ती मुलगी प्रामाणिक होती. तिने ते मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरही प्रामाणिक होते. नियम असा होता की नकार कळला की थांबायचं. पंधरा दिवसांत बेकरीवाल्यांची बायको अभ्यासातून बाहेर पडली, आणि अभ्यासातून बाहेर म्हणजे केंद्रातूनही. तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसायला लागली.

पुढच्या सभेला बेकरीवाले मुद्दाम निरोप घ्यायला आले होते. थोरली त्यांना जिन्यात भेटली. दाढी वाढलेली, मनगटावर नखांचे ओरखडे.

“कशी आहे तब्येत त्यांची?”

“तिची ना? तिला काय धाड भरलीय,” ते म्हणाले. “भट्टीपाशी बसवतो. परवा तिने हात भाजून घेतला. दुकान बंद करायचं म्हणतोय.” मग म्हणाले, “खरं सांगू का? त्या दिवशी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. आणि मग वाटतं, असं वाटावं तरी कसं माणसाला. दोन्ही वाटतं.”

वर खोलीत त्या दिवशी थोरलीची सांगायची पाळी होती. वहीवालीने पेन उघडलं. “ताई, आजोबांचं सांगा. नको असलं की काय करतात?”

थोरलीने पुढ्यातल्या पत्रकाकडे बघितलं. वर तिचंच वाक्य होतं. तिला शनिवारी बाकावर अर्धवट ठेवलेली कवळी आठवली, वरचे चार दात बसवून झालेले, दोन राहिलेले. कपाटाखाली गेलेला चष्मा आठवला.

“आमच्या बाबांचं सोपं आहे,” ती म्हणाली. “नको असलं की सरळ नको म्हणतात.”

“बरंय बाई तुमचं,” शेजारच्या खुर्चीतली बाई म्हणाली.

पत्रक छापून आलं. मोठी अक्षरं, छान कागद, तळाशी सल्ला देणाऱ्यांचे आभार.

तिसऱ्या सुईचा दिवस सोमवार होता. संस्थेच्या मागच्या बाजूला ती खोली होती. एक उंच पलंग, त्यावर कागदाची चादर, झाकण लावलेली ट्रॉली, हात धुवायचं बेसिन. बेसिनच्या वर भिंतीवर ते पत्रक चिकटवलेलं होतं. थोरली आत आली आणि तिने आधी तेच वाचलं. हात खिशात घालतात, किंवा खिसा शोधतात. तोंडाने एकच सूर धरून बसतात. मान भिंतीकडे वळवतात. आणि चौथी ओळ, सरळ नको म्हणतात. तिला वाटलं, ही ओळ बाकीच्या ओळींपेक्षा काळी छापली आहे. तसं काही नव्हतं.

वडील आता फार कमी बोलायचे. नर्सबाईंनी त्यांचा सदरा वर केला आणि पाठ उघडी केली. पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे वर आले होते. वहीवाली त्यांच्यासमोर उकिडवी बसली, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत बघता येईल. नियम असा होता की तीनदा विचारायचं, आणि ती तीनदा विचारायचीच.

“आजोबा, आज पाठीतलं पाणी काढायचंय. सुई टोचेल. करू या का?”

“बघू,” वडील म्हणाले.

वहीवालीने वहीत खूण केली.

“आजोबा, नको असलं तर नको म्हणा बरं का. कुणी रागावणार नाही. करू या?”

“बघू.”

ती तिसऱ्यांदा विचारायला लागली आणि थांबली. पेन ओठांना लावून तिने थोरलीकडे बघितलं. “ताई, आजोबा नेहमी बघूच म्हणतात. मी मागच्या नोंदी बघत होते, दोन्ही वेळा बघू. म्हणजे हो ना?”

खोलीत नळ ठिबकत होता. नर्सबाई हातमोजे घालत होत्या. वडिलांनी मान वळवून थोरलीकडे बघितलं. ओळख नव्हती त्या नजरेत. खिडकीबाहेर उभा असलेला माणूस आत बसलेल्याकडे बघतो, तसं ते बघत होते. तिला वाटलं, एक शब्द. एक शब्द बोलायचा आणि वडिलांचा हात धरून इथून निघायचं. आणि उद्या? उद्या मंगळवार होता. उद्या आतून दार ठोठावणं, उद्या ओले कपडे, उद्या तिचा हात. बेकरीवाल्यांच्या मनगटावरचे ओरखडे तिने नीट बघितले होते.

“हो,” थोरली म्हणाली. “तसंच म्हणतात ते. पहिल्यापासून.”

‘पहिल्यापासून’ हे खरं होतं. त्या एका शब्दापुरता तिला आधार वाटला.

“करू या ना, आजोबा?” वहीवालीने तिसऱ्यांदा विचारलं.

“बघू.”

मग त्यांना कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी दुमडले, हनुवटी छातीला लावली. नर्सबाईंनी एका हाताने मान आणि एका हाताने गुडघे धरले. डॉक्टर आले, दोन शब्द प्रेमाने बोलले, पाठीवर गार औषध चोळलं. पहिल्यांदा सुई हाडाला लागली. दुसऱ्यांदाही लागली. वय झालं की जागा सापडायला त्रास होतो, डॉक्टर म्हणाले. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. ते नुसतं बोलत राहिले, हळू आवाजात, समजुतीच्या सुरात, समोरचा ऐकत नाही तेव्हा खिडकीवरून बोलावं तसं. “बघू. बघू ना. बघू म्हटलं ना. बघू.” तिसऱ्यांदा पाणी आलं. थेंब थेंब नळीत पडायला लागलं, आणि ते नितळ होतं.

“किती सहकार्य करतात,” वहीवाली हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरलीला तिची चीड आली, आणि लगेच स्वतःची.

घरी आणल्यावर वडिलांना आडवं ठेवायचं होतं. डोकं दुखू नये म्हणून. मंगळवारी ते केंद्रात गेले नाहीत, थोरलीही कामावर गेली नाही. तीनदा टोचावं लागलं म्हणून या वेळी एक दिवस घरी ठेवा, असं डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं. वडील दिवसभर छताकडे बघत पडून होते. तिने पेज भरवली, पाठीवरची पट्टी बघितली. पट्टीखाली तीन ठिकाणी काळंनिळं झालं होतं. ती शहाण्यासारखं बोलत होती, उशी हलवत होती, आणि मनातल्या मनात हिशेब एकच, अजून दोन सुया. एक वर्ष. एक वर्ष काढलं की पुढचं पुढे.

दुपारी चारच्या सुमाराला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संस्थेचा कागद भरत बसली. सुईनंतर दुखलं का, ताप आला का, सहभागी व्यक्ती काही बोलली का. मागे पावलं वाजली. तिने वर बघितलं तर वडील टेबलाच्या पलीकडे उभे होते. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायांत बूट, उजव्याचा डाव्यात. एक हात पाठीवर दाबून धरला होता. दुसऱ्या हातात औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक होतं. त्यांनी ते तिच्यापुढे ठेवलं आणि एक पाऊल मागे सरले, रांगेतल्या माणसाने सरावं तसे.

“बाई, जरा काम होतं.”

“बाबा, उठायचं नाही म्हटलंय ना,” ती म्हणाली. पण ते इतक्या अदबीने उभे होते की तिचा आवाज खाली आला. “काय हवंय?”

“घरी जायचं होतं,” वडील म्हणाले. “पुष्कळ दिवस झाले. इथली माणसं चांगली आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण पाठीला फार लागतं. आता घरी जाऊ द्यावं, एवढाच अर्ज आहे.”

कित्येक महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते.  हेच घर आहे, हे थोरलीचं हजार वेळा सांगून झालं होतं. तिला फक्त त्यांनी परत जाऊन आडवं व्हावं असं वाटत होतं. पेन हातात तसंच होतं. तोंडातून काय गेलं ते गेल्यावरच तिला कळलं.

“बघू,” ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. मग ते हसले, ओशाळं, ओळखीचं, बऱ्याच दिवसांनी.

“म्हणजे नाही,” ते म्हणाले.

“तसं नाही हो बाबा.”

“असू द्या, असू द्या. मी पण खिडकीवरच होतो, बाई. एकतीस वर्षं. बघू म्हणजे नाही, हे मला नका सांगू.” त्यांनी पुढे होऊन टेबलावरचा तिचा हात थोपटला. “तुमच्या तरी हातात काय आहे.”

थोरली त्या हाताकडे बघत राहिली. ‘शब्द नुसता तोंडात उरलाय’ हे तिचं वाक्य, इतके महिने सांभाळलेलं, जागच्या जागी मेलं. काल तीनदा. मागच्या वेळी तीनदा, त्याच्या मागच्या वेळीही, आणि पहिल्या दिवशी, डॉक्टर हसले आणि पाठोपाठ ती हसली तेव्हा. सगळं त्यांना कळत होतं. सुई हाडाला लागत होती तेव्हाही ते नाहीच म्हणत होते, त्यांना येत होतं त्या एकाच रीतीने, आणि ती रीत ज्या एका माणसाला ठाऊक होती ते माणूस पलंगाशी उभं राहून हो म्हणालं होतं.

कागदावरची ओळ समोरच होती. सहभागी व्यक्ती काही बोलली का? फोन टेबलावरच होता. वहीवाली सहापर्यंत संस्थेत असायची.

वडील जायला वळले आणि दारापाशी थांबले. रांगेतला प्रत्येक माणूस जिथे थांबायचा, तिथेच.

“मग पुन्हा कधी येऊ?” त्यांनी विचारलं.

थोरलीने फोनकडे बघितलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पुढच्या आठवड्यातल्या तीन चौकटींवर तिने स्वतःच्या हाताने गोल केलेले होते.

“मंगळवारी या,” ती म्हणाली.

“येतो,” वडील म्हणाले. ते बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसले आणि वाकून बूट काढायला लागले. बूट उलटे घातल्यामुळे निघत नव्हते. थोरलीने कागद पुढे ओढला आणि त्या ओळीपुढे ‘नाही’ असं लिहिलं.